गोव्यात बांधलेली जहाजं, मस्तुलावर श्रीलंकेचा झेंडा: छोट्या बोटींचं नौदल मोठ्या समुद्रात कसं उतरलं?

३ सप्टेंबर २०२०. कुवेतहून ओडिशातल्या पारादीप बंदराकडे निघालेल्या 'न्यू डायमंड' या तेलवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ स्फोट झाला. फिलिपिन्सच्या एका खलाशाचा जीव गेला. जहाजात तब्बल २ लाख ७० हजार टन कच्चं तेल होतं. आग तेलाच्या टाक्यांपर्यंत पोचली असती, तर श्रीलंकेची पूर्व किनारपट्टी आणि तिथली मासेमारी कित्येक वर्षांसाठी संपली असती. तेल पसरत गेलं असतं तर भारताची किनारपट्टीही सुटली नसती.

तसं झालं नाही. श्रीलंकेचं नौदल, हवाई दल, भारतीय नौदल आणि तटरक्षक दल यांनी मिळून काही दिवसांत ती आग विझवली. टाक्यांमधलं तेल शाबूत राहिलं. या मोहिमेत श्रीलंकेकडून उतरलेल्या जहाजांमध्ये एक नाव होतं 'सिंधुराला'. भारतीय तटरक्षक दलाकडून आलेल्या जहाजांमध्ये 'शौर्य' आणि 'सारंग' होती. देश दोन, गणवेश वेगवेगळे, पण ही तिन्ही जहाजं बांधली गेली एकाच गोदीत. ती म्हणजे गोव्यातल्या वास्कोची गोवा शिपयार्ड.

श्रीलंकेसारख्या लहान देशाला एवढ्या मोठ्या जहाजांची गरज का पडते? ती येतात कुठून? आणि खिशात पैसे नसताना नौदल आधुनिक करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

देश विदर्भाहून लहान, समुद्र महाराष्ट्राहून मोठा

श्रीलंकेचं क्षेत्रफळ आहे सुमारे ६५ हजार ६०० चौरस किलोमीटर. आपला विदर्भ ९७ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे अख्खा देश विदर्भात बसेल आणि वर जागा उरेल.

पण आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रातली साधनसंपत्ती त्या त्या देशाची असते. यालाच अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणतात. २०० सागरी मैल म्हणजे साधारण ३७० किलोमीटर. नागपूरहून मुंबईकडे निघालेली रेल्वे मलकापूर ओलांडून भुसावळच्या अलीकडे पोचते, तेवढं हे अंतर. भारताच्या बाजूला दोन देशांमधला समुद्र अरुंद असल्यामुळे तिथे सीमा आखलेली आहे. तरीही श्रीलंकेच्या वाट्याला ५ लाख चौरस किलोमीटरहून जास्त समुद्र येतो. जमिनीच्या जवळपास आठपट आणि महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त.

त्यात भर म्हणजे श्रीलंकेची जागा. सुएझ आणि आखातातून मलाक्का सामुद्रधुनीकडे, म्हणजे पुढे चीन-जपानकडे जाणारा जगातला एक सगळ्यात गजबजलेला जलमार्ग श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला जवळजवळ खेटून जातो. भारतात येणारे आणि भारतातून जाणारे कितीतरी कंटेनर कोलंबो बंदरात एका जहाजातून दुसऱ्या जहाजात चढतात. त्यामुळे इथे काही बिघडलं, तर त्याची झळ समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या धरमपेठेतल्या दुकानदारालाही लागू शकते. फक्त ती मालाच्या किमतीतून आणि उशिरातून लागते, एवढंच.

सुरुवात एका जुन्या जहाजापासून

९ डिसेंबर १९५० रोजी 'रॉयल सिलोन नेव्ही' या नावाने श्रीलंकेचं नौदल सुरू झालं. पहिलं जहाज होतं 'विजया', ब्रिटिशांनी दिलेलं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं सुरुंगशोधक जहाज. म्हणजे दुसऱ्याने वापरलेलं जहाज घेऊन काम भागवायचं, ही सवय पहिल्या दिवसापासूनची.

१९७१ मध्ये जनता विमुक्ती पेरामुना या डाव्या संघटनेने सशस्त्र उठाव केला. तो मोडून काढायला माणसं कमी पडली, तेव्हा नौसैनिकांनाही जमिनीवर उतरवावं लागलं. पुढच्याच वर्षी देश प्रजासत्ताक झाला आणि नौदलाचं नाव 'श्रीलंका नौदल' झालं. त्याच वर्षी चीनकडून शांघाय वर्गाच्या पाच गस्ती नौका आल्या. किनाऱ्याजवळ फिरायचं, तस्करी रोखायची, एवढंच तेव्हाचं काम. खोल समुद्रात जाण्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

सी टायगर्सनी गणित बदललं

१९८० च्या दशकात तमिळ वाघांनी, म्हणजे एलटीटीईने 'सी टायगर्स' हे स्वतःचं सागरी दल उभं केलं. फायबरग्लासच्या लहान, वेगवान बोटी, त्यावर मशिनगन आणि सोबत स्फोटकांनी भरलेल्या आत्मघाती बोटी. मोठं जहाज यांच्यासमोर ताकदवान नव्हे, तर आयतं लक्ष्य ठरायचं. सप्टेंबर १९९४ मध्ये मन्नारजवळ 'सागरवर्धन' हे गस्ती जहाज सी टायगर्सनी बुडवलं, तेव्हा हे अगदी स्पष्ट झालं.

श्रीलंकेने इस्रायलकडून ड्वोरा आणि नंतर सुपर ड्वोरा जातीच्या वेगवान हल्ला नौका घेतल्या. त्याच धर्तीच्या नौका कोलंबोतही बांधल्या जाऊ लागल्या. तरीही लहान बोटींचा थवा चारही बाजूंनी अंगावर आला की या नौकाही अडचणीत यायच्या.

२००५ मध्ये नौदलप्रमुख झालेले वसंत करन्नागोडा यांनी उलटा विचार केला. शत्रू लहान बोटींचा थवा घेऊन येत असेल, तर आपण त्याहून मोठा थवा घेऊन जायचं. 'ॲरो' नावाच्या साधारण सात मीटर लांबीच्या बोटी देशातच धडाक्यात बांधल्या गेल्या. प्रशिक्षित जवानांच्या तुकड्या त्यांवर चढल्या. शत्रूची युक्ती शत्रूवरच उलटवली गेली. नौदलांचा अभ्यास करणारे आजही हे उदाहरण देतात.

पण ही लढाई होती किनाऱ्याजवळची. मूळ दुखणं दूर समुद्रात होतं.

किनाऱ्यापासून ३ हजार किलोमीटरवरची लढाई

एलटीटीईकडे शस्त्रं यायची ती मोठ्या मालवाहू जहाजांतून. ही जहाजं श्रीलंकेच्या किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर थांबायची, तरंगत्या गोदामांसारखी. तिथून मच्छीमारी ट्रॉलर्समधून थोडा थोडा माल किनाऱ्यावर यायचा. ट्रॉलर पकडून उपयोग नव्हता, गोदामच बुडवायला हवं होतं. आणि तिथवर जाईल असं काही लहान बोटींच्या नौदलाकडे नव्हतं.

तेव्हा कामाला आली तीन जुनी जहाजं. पहिलं 'सयुरा', म्हणजे आधीचं भारतीय नौदलाचं 'आयएनएस सरयू'. ते २००० च्या डिसेंबरमध्ये श्रीलंकेला मिळालं होतं. दुसरं 'समुदुरा', अमेरिकी तटरक्षक दलाचं १९६० च्या दशकातलं 'करेजस'. तिसरं 'सागरा', भारतीय तटरक्षक दलाचं 'वराह', जे भारताने भाडेतत्त्वावर दिलं होतं. हे 'वराह'सुद्धा गोवा शिपयार्डमध्येच बांधलेलं. म्हणजे गोव्याची या गोष्टीतली एन्ट्री दिसते त्याहून जुनी आहे.

या तिघांपैकी कुठलंच जहाज लांबच्या युद्धासाठी बनवलेलं नव्हतं. शस्त्रं बेताची, इंधन मर्यादित. मग जुने टँकर आणि व्यापारी जहाजं रसद पुरवायला सोबत नेली गेली. ऑक्टोबर २००७ मध्ये या ताफ्याने एलटीटीईचं एक जहाज श्रीलंकेपासून सुमारे १,७०० सागरी मैलांवर, म्हणजे ३ हजार किलोमीटरहून जास्त अंतरावर गाठून बुडवलं. ऑस्ट्रेलियाच्या कोकोस बेटांच्या बाजूचा तो समुद्र. शस्त्रांचा ओघ आटला आणि मे २००९ मध्ये युद्ध संपलं. त्या युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात हजारो तमिळ नागरिकांचे बळी गेले आणि त्याबद्दलचे प्रश्न आजही कायम आहेत. पण निव्वळ नौदलापुरतं बोलायचं तर एक धडा पक्का झाला होता: किनाऱ्यावरचं संकट बऱ्याचदा खूप दूरच्या समुद्रात सुरू होतं.

वास्कोच्या गोदीत काय घडलं?

युद्ध संपल्यावर प्रश्न उरला की शेकडो लहान बोटींचं आता करायचं काय? समोरची कामं बदलली होती. अमली पदार्थांची तस्करी, बेकायदा मासेमारी, माणसांची चोरटी वाहतूक, बुडणाऱ्या जहाजांची सुटका. यासाठी लागतात दिवसेंदिवस समुद्रात राहू शकणारी जहाजं.

२०१४ मध्ये श्रीलंकेने गोवा शिपयार्डशी दोन गस्ती जहाजांचा करार केला. या गोदीची गोष्टही रंजक आहे. १९५७ मध्ये पोर्तुगीजांनी ती लहानशा दुरुस्ती-गोदीच्या रूपात सुरू केली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर काही काळ ती मुंबईच्या माझगाव डॉककडे होती आणि १९६७ पासून 'गोवा शिपयार्ड' या नावाने चालू लागली.

करारातलं पहिलं जहाज 'सयुराला' ऑगस्ट २०१७ मध्ये कोलंबोत नौदलात दाखल झालं. दुसरं 'सिंधुराला' एप्रिल २०१८ मध्ये. प्रत्येकाची लांबी साधारण १०५ मीटर, म्हणजे फुटबॉलच्या मैदानापेक्षा किंचित जास्त. वजन सुमारे २,३५० टन. तोवर श्रीलंकेकडची मोठी गस्ती जहाजं बहुतेक दुसऱ्यांनी वापरून दिलेली होती. परदेशी गोदीत खास आपल्यासाठी बांधून घेतलेली, कोरी करकरीत एवढी मोठी जहाजं हा त्या नौदलासाठी नवाच अनुभव होता.

योगायोग असा की जुनं 'सरयू' श्रीलंकेला देऊन टाकल्यावर भारतीय नौदलाने त्याच नावाचं नवं जहाज याच गोदीत बांधून घेतलं. ते २०१३ मध्ये नौदलात आलं. त्याची लांबीही १०५ मीटरच. स्वतःच्या नौदलासाठी अशी जहाजं बांधताना हाताला आलेली सफाई गोदीला श्रीलंकेच्या कामात उपयोगी पडली.

ही जहाजं काय करू शकतात आणि काय नाही?

अशा जहाजाला 'ऑफशोअर पेट्रोल व्हेसल' म्हणतात, सोप्या शब्दांत खोल समुद्रातलं गस्ती जहाज. याची खरी ताकद तोफेत नसते, टिकून राहण्यात असते. कमी वेगात, कमी इंधनात ते कित्येक दिवस समुद्रात फिरत राहतं. मागच्या बाजूला हेलिकॉप्टर उतरायला जागा असते. झटपट पाठलागासाठी लहान बोटी असतात. आग विझवायची यंत्रणा असते. वादळी समुद्रात लहान नौका बंदर गाठतात, तेव्हा हे जहाज बाहेर काम करू शकतं.

आणि काय करू शकत नाही? खरंखुरं नौदल युद्ध. अशा जहाजांवर तोफा आणि मशिनगन असतात, पण जहाजावर किंवा विमानावर डागायची मोठी क्षेपणास्त्रं सहसा नसतात. श्रीलंकेकडे पाणबुडीही नाही. एखाद्या मोठ्या नौदलाशी समोरासमोर भिडणं हा या ताफ्याचा हेतूच नाही. गावात रात्रीची गस्त घालणाऱ्या पोलिसाकडून कुणी रणगाडा फोडायची अपेक्षा ठेवत नाही, तसंच हे.

दोन वर्षांत दोन महासत्तांच्या भेटी

गोव्याची जहाजं येत होती, त्याच सुमारास आणखी दोघांनी हात पुढे केला.

अमेरिकेने २०१८ मध्ये तटरक्षक दलातून निवृत्त झालेलं 'शर्मन' हे जहाज दिलं. ११५ मीटर लांबीचं, १९६० च्या दशकातलं आणि व्हिएतनाम युद्ध पाहिलेलं. जून २०१९ मध्ये ते 'गजबाहु' नावाने श्रीलंकेच्या सेवेत आलं. त्याच महिन्यात चीनने 'टोंगलिंग' ही जुनी फ्रिगेट सुपूर्द केली. ऑगस्टमध्ये ती 'पराक्रमबाहु' झाली. मग २०२१ मध्ये अमेरिकेने 'डग्लस मन्रो' दिलं आणि पुढच्या वर्षी ते 'विजयबाहु' म्हणून दाखल झालं. तिन्ही नावं श्रीलंकेच्या जुन्या राजांची. त्याआधी, २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाने दोन गस्ती नौका दिल्या होत्या. त्यांचा रस मुख्यतः श्रीलंकेतून बोटीने ऑस्ट्रेलियाकडे निघणाऱ्या निर्वासितांना रोखण्यात होता.

यात कुणीच दानधर्म म्हणून जहाज देत नाही. जहाज दिलं की त्यासोबत प्रशिक्षण येतं, सुटे भाग येतात, अधिकाऱ्यांचं येणंजाणं सुरू होतं आणि बंदरात पाय ठेवायला जागा मिळते. श्रीलंकेचं कसब असं की तिने कुणालाच नाही म्हटलं नाही आणि पूर्णपणे कुणाचीच झालीही नाही.

फुकट मिळालं, पण पोसायचं कुणी?

दारात हत्ती झुलावा असं सगळ्यांनाच वाटतं. चारा कुणी घालायचा, हा प्रश्न नंतर येतो.

श्रीलंकेच्या ताफ्यात भारतीय, अमेरिकी, चिनी, इस्रायली आणि ऑस्ट्रेलियन जहाजं आहेत. एकाच घरात पाच कंपन्यांच्या गाड्या असाव्यात आणि एकीचा पार्ट दुसरीला बसू नये, तशी ही गत. इंजिनं वेगळी, सुटे भाग वेगळे, माहितीपुस्तिका वेगळ्या, प्रशिक्षणही वेगळं. पन्नाशी ओलांडलेल्या जहाजाचे भाग तर जगात कुठे मिळतील, तिथून शोधून आणावे लागतात.

त्यात एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. पेट्रोलसाठी लोक दिवसरात्र रांगेत उभे होते. अशा देशात गस्ती जहाजाच्या डिझेलचा खर्चही जड वाटणारच. जानेवारी २०२४ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रानिल विक्रमसिंघे यांनी हुथींच्या हल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर तांबड्या समुद्रात जहाज पाठवायची घोषणा केली. एका जहाजाच्या दोन आठवड्यांच्या मोहिमेचा खर्च त्यांनीच सांगितला, २५ कोटी श्रीलंकन रुपये. घरात महागाईने लोक पिचलेले असताना हे परवडतं का, अशी टीका लगेच झाली.

पण जहाज न पाठवण्याचीही किंमत असते. मे २०२१ मध्ये कोलंबोसमोर 'एक्स-प्रेस पर्ल' या कंटेनर जहाजाला आग लागली. त्यात नायट्रिक ॲसिड होतं आणि प्लास्टिकच्या दाण्यांचे कंटेनर होते. नौदलाची जहाजं, टग, भारतीय तटरक्षक दल असे सगळे झटले. तरीही २ जूनला ते जहाज बुडायला लागलं. सुमारे १,६८० टन प्लास्टिकचे दाणे समुद्रात आणि किनाऱ्यावर पसरले. मेलेली कासवं वाहून आली, मासेमारी बंद झाली, हजारो कोळी कुटुंबांचं उत्पन्न एका झटक्यात थांबलं. जुलै २०२५ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जहाजाशी संबंधित कंपन्यांना १ अब्ज डॉलर भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणजे नौदल म्हणजे फक्त युद्ध नव्हे, हे श्रीलंकेतल्या कोळ्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

भारताचा यात काय फायदा?

ऑगस्ट २०२२ मध्ये भारताचा विरोध असताना चीनचं 'युआन वांग ५' हे टेहळणी क्षमतेचं जहाज हंबनटोटा बंदरात आलं. त्याच्या आदल्याच दिवशी, १५ ऑगस्टला भारताने श्रीलंकेच्या नौदलाला डॉर्निअर गस्ती विमान दिलं होतं. जून २०२४ मध्ये भारताच्या मदतीने उभारलेलं सागरी बचाव समन्वय केंद्र कोलंबोत सुरू झालं. जून २०२५ मध्ये मुंबईच्या माझगाव डॉकने कोलंबो डॉकयार्डमध्ये नियंत्रण मिळेल एवढा हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. जहाज देऊन थांबायचं नाही, त्याची दुरुस्तीही आपल्याच हातून व्हावी, असा हा पुढचा टप्पा आहे.

हेच सूत्र मॉरिशसमध्ये दिसतं. तिथे वेगळं नौदल नाही, पोलीस दलाचाच भाग असलेलं तटरक्षक दल आहे. त्यांचं 'बाराकुडा' जहाज कोलकात्यात बांधलं गेलं आणि 'व्हिक्टरी', 'व्हॅलियंट' या गस्ती नौका गोव्यात. पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणारी कुटुंबं जिथे राहतात, त्या बेटाचा समुद्रही गोव्यात बांधलेल्या नौका राखतात.

नाण्याला दुसरी बाजू आहेच. पाल्कच्या सामुद्रधुनीत तमिळनाडूच्या मच्छीमारांना अटक करतं ते हेच श्रीलंकेचं नौदल. भारतीय ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडून काढतात, ही उत्तर श्रीलंकेतल्या तमिळ कोळ्यांची तक्रार आहे. अशा मासेमारीवर श्रीलंकेने २०१७ मध्ये कायद्याने बंदी घातली. तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाण्यातून आपल्याला हुसकावलं जातं, ही तमिळनाडूच्या कोळ्यांची तक्रार. शेजाऱ्याचं नौदल सक्षम करताना भारताला हा प्रश्नही सोबत घेऊनच चालावं लागतं.

तीनशे वर्षांपूर्वीचं उत्तर

लहान राज्याने कसं आरमार ठेवावं, हा प्रश्न मराठी मुलखाला नवा नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नकोत आणि फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात, असा त्यातला सल्ला. आणि आरमाराच्या खर्चासाठी मुलखाचं उत्पन्न कायमचं नेमून द्यावं, बंदरातल्या व्यापाऱ्यांना ओरबाडून तो भागवू नये, हा दुसरा.

यातला पहिला सल्ला श्रीलंकेने जवळपास तंतोतंत पाळला आहे. सात मीटरच्या बोटी आणि महागड्या युद्धनौका यांच्या मधलं, शंभर मीटरच्या आसपासचं गस्ती जहाज तिने निवडलं. दुसरा सल्ला मात्र अजून पेचात आहे. जहाजं आली, पण ती चालवायचा, दुरुस्त करायचा आणि वेळेवर बदलायचा पैसा दरवर्षी हमखास कुठून येणार, याचं पक्कं उत्तर कर्जातून सावरणाऱ्या देशाकडे नाही. पुढच्या दहा वर्षांत 'गजबाहु'सारखी जुनी जहाजं थकतील. त्यांच्या जागी स्वतःच्या पैशाने बांधलेली येतात की पुन्हा कुणाची तरी भेट, यावरून कळेल की श्रीलंकेचं नौदल खरंच आधुनिक झालं, की फक्त त्याची जहाजं बदलली.